चाळीस फोनांचं टेबल

"दिवस राहिले की आधी या टेबलावरून ऊठ," असं नोकरी सोडून जाताना जुन्या टेस्टरनं बजावलं होतं. तेव्हा ती हसली होती. "आधी नवरा तर मिळू दे," म्हणाली होती.

आता पाचवा महिना होता आणि ती सुपरवायझरसमोर उभी होती.

"साहेब, मला टेस्टिंगवरून काढा. पॅकिंगला टाका."

"का? फोन चावतात?"

खोलीत खसखस पिकली. टेबलावर दुरुस्त झालेले चाळीस फोन मांडलेले होते, सगळे चालू. रेंज येते का, वायफाय पकडतो का, रिंग वाजते का, हे एकेक करून बघायचं. दिवसभर. टेबलाची कड नेमकी पोटाला लागत होती आणि खुर्ची मागे घेतली की पलीकडच्या रांगेपर्यंत हात पोहोचत नव्हता.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, फोनच्या लहरींनी अपाय होतो असं काही सिद्ध झालेलं नाही. पण जिवाला घोर लागत असेल तर लांब बस, असंही म्हणाल्या."

"ऐकलंत? सिद्ध नाही, पण घोर आहे!" सुपरवायझर खोलीकडे वळून म्हणाला. "रात्री फोन उशाला घेऊन झोपता, तेव्हा कुठे जातो घोर? ठीक आहे. बदली माणूस तू दे. काम थांबता कामा नये."

तिनं खोलीभर नजर फिरवली. काउंटरवरच्या दोघी नव्या लग्नाच्या होत्या. बॅटऱ्या बदलणारीचं लग्न ठरलेलं होतं.

"मावशी बसतील," ती म्हणाली.

मावशी अडतीस वर्षांची होती. मावशी म्हणावं असं वय नव्हतं, पण लग्नाला तेरा वर्षं होऊन मूल नव्हतं आणि दुकानानं तिला मावशी करून टाकलं होतं.

"बरोबर," सुपरवायझर म्हणाला. "तिला कसला धोका!"

मावशी दोन हातांच्या अंतरावर उभी राहून खोक्याला टेप लावत होती. तिनं टेप दातानं तोडली आणि खण रिकामा करायला घेतला.

दहा मिनिटांत जागा बदलल्या. पॅकिंगच्या टेबलाला भिंत होती, खिडकी होती, चालू फोन एकही नव्हता. तिनं मोकळा श्वास घेतला. डबा ठेवायला खण ओढला, तर तो मध्येच अडकला. आत हात घातला तेव्हा टेपच्या रिकाम्या रिळांमागे गोळ्यांची एक पट्टी लागली. बारीक, पिवळ्या गोळ्या. अशीच पट्टी तिच्या पर्समध्ये होती. पहिल्या तीन महिन्यांत ती रोज यातलीच एक घ्यायची.

हिच्यातल्या सहा संपलेल्या होत्या.

ती पट्टी मुठीत धरून टेस्टिंगच्या टेबलाशी गेली. मावशी ठेंगणी. पलीकडच्या रांगेतला फोन उचलायला ती पोट टेबलाच्या कडेला दाबून अख्खी पुढे वाकली होती.

"मावशी, हे तुमचं..."

"माझंच आहे. आण इकडे."

"किती महिने?"

"सात आठवडे. आणि आवाज खाली."

"मला सांगायचं ना!"

"तू विचारलंस? नाव घेतलंस आणि मोकळी झालीस."

"उठा तुम्ही. मी सांगते साहेबांना, मी बसते परत."

"काय सांगशील? तू परत बसलीस की का बसलीस ते विचारणारच. संध्याकाळपर्यंत दुकानभर होईल." मावशीनं एका फोनची रिंग वाजवून पाहिली, तो बाजूला ठेवला, दुसरा घेतला. "याआधी दोनदा सगळ्यांना सांगून बसले. दोन्ही वेळा सुट्टीनंतर परत आले, तर मला बघून हेच लोक बोलायचं थांबायचे. तीन महिने पुरे होईतो मी ब्र काढणार नाही. तूही काढायचा नाहीस."

"मग पाठ दुखते म्हणा."

"पाठ दुखते म्हणणाऱ्या बाईला इथे घरी पाठवतात. तुला नुसतं हसले."

"पण मावशी, हे एवढे फोन..."

मावशीनं हातातला फोन खाली ठेवला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"हे फोन वाईट असतील, तर तू मला मुद्दाम इथे बसवलंस. नसतील, तर सकाळी तू नाटक केलंस. काय ते एक ठरव आणि जा."



"काय गं, टेबलाची आठवण येते का?" सुपरवायझर पलीकडून ओरडला. "की फोनांना टाटा करायला आलीस?"

पुन्हा हशा. मावशीही हसली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. आणि पट्टी तिच्या मुठीतून काढून घेऊन तिनं ब्लाउजमध्ये सरकवली.

ती जागेवर आली. समोर बंद करून ठेवलेले फोन रचलेले होते. तिनं एक उचलला, खोक्यात ठेवला. टेपचं टोक सापडेना. नखानं रीळ खरवडत राहिली.

तिला आता त्या टेबलाशी जाता येत नाही. गेली तर सगळे बघतात, आणि मावशी तिच्याकडे बघत नाही. तुमचं तसं नाही. पुढच्या वेळी फोन दुरुस्तीला टाकाल तेव्हा काउंटरच्या मागे, आतल्या खोलीत एक नजर टाका. तिथे ठेंगणीशी एखादी बाई बसली असेल तर तिला काही विचारू नका, तिच्या पोटाकडे बघू नका. पलीकडच्या रांगेतले फोन तिच्यासाठी कुणी अलीकडे सरकवतंय का, तेवढं पाहून या.