टपरीसमोरचा बाक

शाळेच्या समुपदेशक बाईंनी सिगारेट सोडू पाहणाऱ्या मुलामुलींचा गट वर्गातून उचलला आणि थेट फाटकाबाहेरच्या टपरीसमोर बाकावर बसवला. याच टपरीवाल्याने बाईंच्या धाकट्या भावाला शाळेत असताना पहिली सिगारेट फुकट दिली होती; पुढे फुप्फुसांनी दगा दिला, भाऊ ऐन तारुण्यात गेला. रोज मधल्या सुट्टीत मुलं तलफ कशी आवरली ते मोकळेपणी सांगू लागली आणि गिऱ्हाईक तोंड चुकवून जाऊ लागलं. "बाई, माझ्या पोटावर पाय का देताय?" टपरीवाला काकुळतीला आला. "माझा भाऊ आठवतो का?" बाईंनी विचारलं. त्याने नजर वळवली. तेवढ्यात गणवेशातली त्याचीच मुलगी पुढे आली. "बाई, मलाही सोडायची आहे. बाबांच्या टपरीतूनच चोरायचे मी." तो पांढराफटक पडला. बाईंनी तो चेहरा डोळे भरून पाहिला आणि मगच सरकून पोरीला जागा दिली.