सत्कार भलत्याचाच

प्रयोगाचा रिझल्ट नेहमीसारखाच झकास आला. खुशीत रिअ‍ॅक्टर धुवायला वळलेल्या शलाकाला वजनकाट्यावर काळी पूड दिसली. रासायनिक क्रियेला वेग देणारा, तिने स्वतः बनवलेला कॅटॅलिस्ट आज टाकायचाच राहिला होता!

म्हणजे पीएचडीची तीन वर्षं जिचे गोडवे गायले, ती पूड नुसतीच आत बसून होती. सगळी करामत रिअ‍ॅक्टरच्या पोलादी भांड्याची. आत्ता पूड बेसिनमध्ये ओतली, तर कोणाला पत्ताही लागणार नव्हता.

"काय गं, कसा आला रिझल्ट?" तिच्या गाईड सरांनी दारातूनच विचारलं.

"मस्त, सर." तिने पूड त्यांच्यापुढे धरली. "पण ही न टाकता."

सर भांड्यात डोकावून म्हणाले, "म्हणजे आपण सत्कार भलत्याचाच करत होतो."

रोज शिव्या घालत ती हे भांडं तारेच्या घासणीने खरवडायची. आज तिने मऊ फडकं घेतलं.