मधली मोहर

पाकिटावरच्या तीन मोहरांपैकी मधल्या मोहरेची लाख लाल होती. आमच्या प्रयोगशाळेत तपकिरी लाख वापरतात. अंधेरीच्या कोर्टात साक्षीला आलेली मी ती पाहतच राहिले. आत माझा अहवाल होता: खारदांड्याच्या मासे विकणाऱ्या पुतळाबाईंचा मुलगा पोलीस कोठडीत कशाने मेला, याचा. "तपास चालू आहे, अहवाल गोपनीयच राहावा," सरकारी वकील पुन्हा म्हणाले. पुतळाबाई उसळल्या, "गिऱ्हाइकाला मी कल्ले उघडून म्हावरं दाखवते, सायब! माझा पोर कशानं मेला, ते मलाच झाकून ठेवता?" "बाई, खाली बसा!" शिपाई ओरडला. मी उभी राहिले. "साहेब, मधली मोहर आमची नाही. पोलिसांकडे असताना पाकीट कुणीतरी उघडून पुन्हा बंद केलंय. मग गुपित फक्त आईपासूनच?" वर्षभर पुढची तारीखच देत आलेले न्यायाधीश म्हणाले, "पाकीट उघडा. आईसमोर वाचा."