क तुकडीचा पंप

पाणी नळीतून वर चढलं, डब्यात पडलं आणि क तुकडीची पोरं नाचायला लागली. खिडकीबाहेर उभे असलेले मुख्याध्यापक धुमाळ सर बघतच राहिले. सायकलच्या चाकावर चालणारा पंप या पोरांनी भंगारातून उभा केला होता. एरवी तोंडातून शब्द न काढणारी भारती सगळ्यांना कामं वाटून देत होती, चुकलेल्याला हसत पुन्हा दाखवत होती. मार्क बघून तुकड्या पाडण्यातच आपलं चुकलं, हे सरांना तिथे उभ्या उभ्या उमगलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला शिक्षणाधिकारी आले. सर लगबगीने पुढे गेले, तर पंपाजवळ अ तुकडीची दोन मुलं कडक इस्त्रीच्या गणवेशात माहिती पाठ करत उभी होती. क तुकडी मागच्या भिंतीला टेकली होती.

"भारती, पुढे ये. पंप तुमचा आहे, तूच सांग साहेबांना."

"नको सर. पाहुणे आले की अ तुकडीच बोलते."

"असं कोणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच सर, पाचवीत."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. साहेबांना वाट मिळावी म्हणून ती भिंतीला आणखी चिकटली.