आखडती पावलं

“दात अजून मोठे हवेत,” ती खालून ओरडली. शिडीवरच्या चित्रकाराने मान डोलावली आणि डायनोसॉरचा जबडा आणखी रुंद केला. संग्रहालयाचं हे दालन उद्या मुलांसाठी उघडणार होतं.

भिंतीच्या पायथ्याशी ठशांची शिळा मांडली होती. तिची संशोधनातली उमेदीची वर्षं या ठशांवरच गेली होती. तीन बोटांच्या पावलांच्या दोन रांगा. एक लंगडणाऱ्या प्राण्याची. एक पाऊल लांब, एक तोकडं. तिच्या शेजारून दुसरी, धडधाकट प्राण्याची. चिखल ओला असतानाच दोघे तिथून गेले होते. लंगडा मध्येच थांबला, तिथे दुसराही थांबला होता. हा दुसरा, म्हणजे भिंतीवरचा शिकारी, लंगड्यावर दबा धरून होता, असं तिने ठासून मांडलं होतं. एकच गोष्ट तिला छळायची. एवढ्या दांडग्या शिकाऱ्याची ढांग इतकी आखूड कशी?

संध्याकाळी नवरा न्यायला आला. ठसे शोधताना खाणीत पडून तिचा गुडघा दुखावला होता, त्यामुळे हल्ली कुबडी आली होती. त्याने न बोलता तिची पिशवी खांद्याला लावली. दोघं दाराकडे निघाली. वाटेत ती एकदा दम खायला थांबली.

दारातून चित्रकाराचा निरोप घ्यायला ती वळली आणि जागीच खिळली. घासलेल्या भिंतीची पांढरी भुकटी फरशीभर पसरली होती. त्या भुकटीत तिची लंगडी रांग उमटली होती, शेजारी नवऱ्याची. हा माणूस जन्मभर ढांगा टाकत पुढे जायचा. “अहो, जरा हळू,” म्हणून तिचा घसा बसायचा. आज त्याची पावलं वीत-वीत अंतरावर पडली होती. ती थांबली तिथे त्याचीही दोन्ही पावलं जुळलेली. चपलांची टोकं सरळ दाराकडे.

कुबडी टेकत ती शिळेपाशी परतली. थांबलेल्या शिकाऱ्याची बोटंही सरळ पुढेच होती. सावजाकडे नव्हती.

“अरे, पुस ते दात!” ती हसत सुटली. “हा मागे लागलेला नाही. सोबतीला चाललाय!”

चित्रकाराने कपाळावर हात मारला. “मॅडम, उद्या उद्घाटन आहे! मग याचं तोंड कसं काढू?”

तिने दाराकडे पाहिलं. नवरा पिशवी सांभाळत मुकाट उभा होता.

“मिटलेलं काढ,” ती म्हणाली. “ही मंडळी बोलत नाहीत.”