आकांक्षाच्या नावाची पत्रं

सुपारी फुटायला दहा मिनिटं उरली होती आणि दारात एक पांढरी गाडी येऊन थांबली.

गाडीतून चौघं उतरले. तीन पोरं, एक मुलगी. मुलीचे केस पोपटी, एका पोराच्या नाकात कडी, आणि गाडीत टपापर्यंत ढोल अन् भोंगे रचलेले. आकांक्षाच्या वडिलांना, रामरावांना, वाटलं, डीजेवाले घर चुकले. गावात कुठंही डीजे लागला की पोलीस पाटलाकडं तक्रार घेऊन पहिले रामरावच जायचे. पण हे चेहरे इकडचे नव्हते.

पोपटी केसांच्या मुलीनं फोन पुढं धरला. फोन छापील मराठीत बोलला, "आम्ही जपानहून आलो आहोत. आम्ही फार मोठ्या आवाजात गाणी वाजवतो. काल पुण्यात वाजवली, उद्या नागपुरात वाजवू. मध्ये आम्हाला आकांक्षाला भेटायचे आहे."

बैठकीतली सगळी डोकी माजघराकडं वळली. आकांक्षा काठाची साडी सावरत उंबऱ्यात उभी होती.

"मी यांना ओळखत न्हाई," ती म्हणाली.

मुलीनं फोनवरची पत्रं उघडून दाखवली. दोन वर्षांची पत्रं, सगळी मराठीत. ज्या ईमेलवरून गेली होती तो आकांक्षाचाच, कॉलेजात फॉर्म भरताना उघडलेला. तिनं त्यात कधीपासून डोकावलंही नव्हतं; ज्या जुन्या फोनवर तो उघडा होता, तो घरात कुणाच्याही हाती असायचा. एक पत्र तिनं वाचलं. 'दिवसभर कानात एकच घरघर असती. तुमचं गाणं लावलं की ती जाती. इकडून कधी गेलात तर घरी या. जेवून जा.'

शब्द घरातलेच वाटत होते, पण तिचे नव्हते.

धावड्याहून आलेल्या सर्जेरावांनी, मुलाच्या वडिलांनी, टोपी काढून मांडीवर ठेवली. "रामराव, पोरीचं परदेशात असं काही होतं, तर अगोदर सांगायचं. आम्ही काय न्हाई म्हनलो असतो?"

"काहीच न्हाई हो तसं," रामराव म्हणाले. नवरा मुलगा फरशीकडं बघत बसला होता.

आकांक्षानं भावाला, हरिओमला, हाताला धरून मागच्या अंगणात नेलं. बारा तास कानात फोनच्या बोंड्या घालून फिरणारा घरात तोच एक.

"तूच केलंस ना?"

"तुझी शपथ, ताई. मी क्रिकेट ऐकत असतो. मला जपानी काय कळतंय?"

त्याचा चेहराही तिच्यासारखाच गोंधळलेला होता. ती स्वयंपाकघरात शिरली. आई, पुष्पाबाई, पहाटेपासून तिथंच होती. आजच्या दिवसापुरती तिनं पिठाची गिरणी बंद ठेवली होती.

"आई, बाहेर काय चाललंय, ऐकून राह्यलीस का?"

"पाहुणे आलेत. चहा टाकलाय."

"अगं, लग्न मोडायची वेळ आलीय माझं."

"न्हाई मोडत," पुष्पाबाई म्हणाल्या. "पदर नीट घे. अन् मला ती मोठी थाळी दे."

आकांक्षा बाहेर आली तेव्हा सर्जेराव उठले होते. रामराव त्यांना बसा, बसा म्हणत होते. चौघं जपानी भिंतीला टेकून उभे होते. आपलं काय चुकलं, ते त्यांनाही कळत नव्हतं. पोपटी केसांची मुलगी आकांक्षाकडं पाहून हसायला गेली, मग थांबली.

पुष्पाबाई थाळी घेऊन आल्या. चार माणसांसमोर त्या कधी बैठकीत येत नसत. आज त्या सर्जेरावांच्या पुढून गेल्या, नवऱ्याच्या पुढून गेल्या, आणि भिंतीपाशी जाऊन थांबल्या.

"मिदोरी," त्या पोपटी केसांच्या मुलीला म्हणाल्या, "तुला दूध पचत न्हाई, म्हणून कोरा केलाय."