दोन कपांतलं पाणी

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा तो दुकानातच होता. सवयीने त्याने रिसीव्हर उचलून विचारलं, "बोला, कोणतं मशीन?" पलीकडच्या बाईने तो कोण ते नीट विचारून घेतलं आणि सांगितलं की त्याची बायको पहाटे गेली.

तीन आठवडे शटर खाली होतं. लेकीचं म्हणणं, बाबांनी महिनाअखेरीस मालकाला किल्ली द्यावी आणि तिच्याकडे राहायला यावं. यात चुकीचं काही नव्हतं. पण ते दुकान दोघांनी मिळून एकतीस वर्षं चालवलं होतं, आणि घरापेक्षा त्याला तिथेच बरं वाटायचं. म्हणून त्याने तोड काढली. आता ज्या पहिल्या मशीनचा फोन येईल, ते दुरुस्त झालं तर दुकान ठेवायचं. नाही झालं तर किल्ली द्यायची.

त्याने हे लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "हात भाजून घेऊ नका म्हणजे झालं."

फोन एका जुळ्यांच्या आईचा आला. जुन्या जाहिरातीच्या चिठ्ठीवर तिला नंबर मिळाला होता. कपडे वाळवायचं मशीन दहा मिनिटं चालतं, मग थांबतं, आणि तापमानाचा लाल दिवा लागतो. कपडे ओले ते ओलेच.

तो पोचला तेव्हा खुर्च्यांच्या पाठींवर, दारांच्या कड्यांवर, जिथे जागा मिळेल तिथे इवलीशी झबली लटकत होती. मशीन न्हाणीघराशेजारच्या बोळात होतं. जुळ्यांच्या आईची सासू मांडीवर एक नातू घेऊन समोर स्टुलावरच बसली. तिला काम बघायचं होतं.

त्याने आधी भिंतीतला प्लग काढला. मशीन पुढे ओढलं. मग खिशातून कागद काढून मशीनच्या पाठीचं चित्र काढलं आणि जो स्क्रू सुटेल तो चित्रात त्याच्या जागी ठेवत गेला.

सासू म्हणाली, मागच्या खेपेला आलेला माणूस अर्ध्या तासात उरकून गेला होता.

"आणि मशीन?"

"ते दुसऱ्या दिवशी गेलं."

टॉर्च धरायला त्याने जुळ्यांच्या आईला बोलावलं. कशी धरायची ते नेमकं सांगितलं. उजेड हातावर नको, हात जिथे जाणार आहे तिथे हवा. मनगट आपल्या गुडघ्यावर टेकवायचं, म्हणजे अवघडत नाही. तिला गंमत वाटली. टॉर्च धरण्यातही इतकं असतं हे तिला माहीत नव्हतं.

गरम हवेच्या नळीत तापमान मोजणारा, वालाच्या दाण्याएवढा सेन्सर होता. त्याला दोन बारीक वायरी. त्याने तो सोडवून काढला आणि दोन कप मागितले, एकात गार पाणी, एकात गरम.

"मला वाटलं चहा मागतोय," सासू नातवाला म्हणाली.

मीटरच्या सुया सेन्सरला लावून त्याने तो गार पाण्यात धरला. आकडा मोठा आला. गरम पाण्यात धरला. आकडा झरझर उतरला. त्याने पुन्हा गार पाण्यात धरून पाहिला. मग आणखी एकदा गरम पाण्यात. त्याच्या कपाळावर घाम आला होता. सेन्सर चांगला होता. पिशवीतला नवा सेन्सर त्याने परत ठेवून दिला.

जुळ्यांच्या आईने विचारलं, मग बिघडलंय काय?

"आमच्या दुकानात एक म्हण आहे," तो म्हणाला. "साक्षीदार खरा निघाला तर निरोप्याला धरा."

त्याने सेन्सर जोडला आणि त्याचा निरोप नेणाऱ्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला मीटर लावला. मग वायर टीचभर टीचभर हलवत गेला. शेवटी, जिथे ती मुख्य सर्किटच्या पट्टीला जोडली होती तिथे, आकडा उडी मारायला लागला. त्याने जोड उघडला. आतली पितळी पिन हिरवी पडली होती. त्याने ती बारीक पॉलिश पेपरने घासली, पकडीने किंचित आवळली, जोड घट्ट बसवला. कागदावरचे स्क्रू एकेक करून परत लावले. एकही उरला नाही.

मशीन सुरू झालं. तो समोर जमिनीवरच बसला. दहा मिनिटं झाली. अकरावं गेलं. चाळिसाव्या मिनिटाला घंटी वाजली आणि जुळ्यांच्या आईने दार उघडलं. सासूने एक झबलं ओढून गालाला लावलं.

"हात फार सावकाश आहे तुमचा," ती म्हणाली. "पण काम चोख."

रस्त्यात त्याने लेकीला फोन केला.

"चाललं."

"खरं सांगा."

"दोन तास लागले. पण चाललं."

लेक हसत होती की रडत होती, ते त्याला कळलं नाही. आईला किती बरं वाटलं असतं, म्हणाली.

"कुठलं. तिने मशीन परत उघडायला लावलं असतं."

किल्लीचं नाव मग लेकीने काढलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्याने नऊ वाजता शटर वर केलं. दुपारपर्यंत दोन फोन आले, आणि दोन्हींना त्याने सांगितलं, मी येतो.

दुकानाच्या पाटीवर मेकॅनिक म्हणून अजून बायकोचंच नाव आहे, आणि त्याखाली बारीक अक्षरांत, फोन घेणारा म्हणून, त्याचं. पाटी नव्याने रंगवून घ्यायची राहिली आहे.